साडेएकवीस इंचांची मोजणी

मोजणी खात्यात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला मोकळी जागा सुखाने बघवत नाही. जागा दिसली की हद्द कुठली, दगड कुठे, लगतचा खातेदार कोण, हे त्याच्या मनात आपोआप सुरू होतं. सूर्यकांत सावे निवृत्त झाले त्याला वर्ष होत आलं होतं आणि डहाणूतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात आता मोजायला काही शिल्लक नव्हतं. बाल्कनी मोजून झाली होती. सोसायटीची गच्ची दोनदा मोजून झाली होती, आणि ती मंजूर नकाशापेक्षा सव्वा फूट कमी भरते, ही गोष्ट सेक्रेटरीच्या गळी उतरवण्याचा त्यांचा प्रयत्न अजून चालू होता.

अशा माणसाच्या घरात कॉम्प्युटर आला.

खरं तर तो त्यांच्यासाठी आलाच नव्हता. त्यांच्या पत्नी वसुमतीबाई सायवनच्या एका शाळेत बावीस वर्षं शिक्षिका होत्या. त्या शाळेला पन्नास वर्षं पूर्ण होत होती, येत्या रविवारी समारंभ होता, आणि समारंभात वाटायच्या स्मरणिकेचं संपादन बाईंकडे होतं. म्हणून वापीला नोकरी करणाऱ्या लेकीने, श्रुतिकाने, आपला कॉम्प्युटर आईला पाठवून दिला. सूर्यकांतरावांचा स्मरणिकेशी संबंध एवढाच, की त्यांनी तिच्यासाठी आपल्या मोजणीच्या नोकरीवर 'साखळी आणि मी' असा अकरा पानी लेख लिहिला होता आणि संपादकांनी तो जागेअभावी परत केला होता. तोही स्वयंपाकघरात, भाकरी थापता थापता. सबंध डहाणू तालुक्यात ज्याने लोकांना जागा काढून दिली, त्याला घरच्याच स्मरणिकेत जागा नसावी, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं. ते कुणापाशी बोलले नाहीत. फक्त दोन दिवस चहात साखर कमी आहे, असं म्हणत राहिले.

सोमवारी सकाळी कॉम्प्युटर चालू झाला आणि सूर्यकांतराव पडद्याकडे बघतच राहिले. मागे श्रुतिका आणि तिच्या मैत्रिणींचा कुठल्याशा किल्ल्यावरचा फोटो, आणि त्यावर आयकॉनच आयकॉन. एक मैत्रीण तर त्यांच्याखाली पुरती गाडली गेली होती. श्रुतिकाची जुनी बिलं, परीक्षांचे कागद, 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर दोन', आणि त्यांच्या मधूनमधून बाईंच्या फायली: 'स्मरणिका', 'स्मरणिका नवी', 'स्मरणिका अंतिम' आणि 'स्मरणिका अंतिम हीच'. त्यांनी बोट लावून मोजलं. एकशे सोळा भरले.

"अगं, ही काय वस्ती आहे?" ते म्हणाले. "जायला यायला रस्तासुद्धा सोडलेला नाही."

"मला सापडतं सगळं," बाई म्हणाल्या.

"सापडतं, म्हणजे कब्जा आहे. पण हद्द कुठे आहे? उद्या श्रुतिकाची बिलं तुझ्या स्मरणिकेवर चढली तर तू कुणाकडे दाद मागणार?"

बाई टाइप करत राहिल्या, पण सूर्यकांतरावांना उत्तराची गरजही नव्हती. वर्षभरात पहिल्यांदा त्यांचे हात शिवशिवू लागले. त्यांनी माळ्यावरून खात्यातली जुनी पेटी काढली. पट्टी, कंपास, ट्रेसिंग पेपर, रंगीत शाई, सगळं जागच्या जागी होतं. पेटीला अजून सायवनच्या लाल मातीचा वास येत होता. त्यांनी पडदा एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत मोजला. साडेएकवीस इंच. बिनवादाचा, चौकोनी, एकही ओढा नाही, झाड नाही, चढउतार नाही. अशी जमीन उभ्या नोकरीत त्यांच्या वाट्याला आली नव्हती.

आता एखादा सामान्य माणूस आयकॉन इकडचे तिकडे सरकवून मोकळा झाला असता. पण मोजणी म्हणजे पोरखेळ नव्हे. संध्याकाळी वसुमतीबाईंना चहाच्या कपाखाली एक नोटीस मिळाली. सहहिस्सेदार या नात्याने त्यांनी मोजणीच्या वेळी जातीने हजर राहावं, गैरहजर राहिल्यास नंतर केलेली तक्रार ऐकली जाणार नाही, वगैरे. खाली पोच म्हणून सहीची जागा होती.

"पंधरा दिवसांची मुदत द्यायला हवी," सूर्यकांतराव म्हणाले, "पण घरचं प्रकरण म्हणून अतितातडीत घेतलं."

"गुरुवारी पाच वाजता प्रेसला फाईल द्यायची आहे माझी," बाई म्हणाल्या. "प्रेसवाल्या शैलेशने बजावलंय, पाचनंतर आली तर रविवारी स्मरणिका नाही. त्याआधी तुम्ही माझं काही हलवलंत ना, तर बघा." आणि सही करून त्या पुन्हा संपादकीयाकडे वळल्या.

मंगळवारी नकाशा तयार झाला. सूर्यकांतरावांनी तो हाताने काढला, शाईने रंगवला. वरच्या बाजूला वसुमतीबाईंचा हिस्सा, फिकट गुलाबी. डावीकडे श्रुतिकाचा, पिवळा. उजवीकडे त्यांचा स्वतःचा, ज्यात ठेवायला त्यांच्याकडे एकच वस्तू होती: 'साखळी आणि मी'. मधून आठ मिलिमीटरचा सामाईक रस्ता. पत्त्यांच्या खेळांसाठी गायरान. आणि गावाबाहेर, हिरव्या पट्ट्यापलीकडे, रिसायकल बिनसाठी स्मशानभूमी. स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याने तो स्कॅन करताना विचारलं, "साहेब, कुठल्या गावाचा?" सूर्यकांतराव अभिमानाने म्हणाले, "आमच्या." श्रुतिकाने फोनवरून सांगितल्याप्रमाणे दोन ठिकाणी क्लिक केलं आणि किल्ल्यावरच्या मैत्रिणी जाऊन तिथे नकाशा उमटला. ते खुर्चीतून उठले, दोन पावलं मागे गेले आणि त्यांनी चष्मा पुसला.

नेमके त्या वेळी समोरच्या ब्लॉकमधले गुणवंतभाई आले. दुकान मुलाकडे दिल्यापासून गुणवंतभाईंनी वास्तुशास्त्राला वाहून घेतलं होतं. सोसायटीतल्या तीन घरांचे आरसे आणि एका घराची मोरी त्यांनी आजवर हलवली होती. त्यांनी पडदा पाहिला, खिडकी पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"सावेभाई, हा तर मोठा लोचा हाय. तुमी बसता पूर्वेकडे तोंड करून. डाव्या हाताला कोण? उत्तर. मग वरचा डावा कोपरा कोण झाला? ईशान. देवाच्या कोपऱ्यात तुमी कचरापेटी ठेवली ने."

"ती तिथे मुळातच होती. मी ती खाली, दक्षिणेलाच नेणार आहे," सूर्यकांतराव म्हणाले. "आणि नकाशात वर उत्तर असते, गुणवंतभाई. त्या हिशेबाने हा कोपरा वायव्य."

"नकाशा कागदावर असतो. माणूस तर खुर्चीवर बसतो ने."

दोन तज्ज्ञ समोरासमोर आले की घरच्यांनी मुकाट सहन करावं. पाऊण तासाने दोघांनाही पटेल असा तोडगा निघाला: टेबलच उत्तरेच्या भिंतीला लावायचं. मग माणसाचं तोंडही उत्तरेला, नकाशाची उत्तरही उत्तरेला, आणि स्मशान दोन्ही शास्त्रांप्रमाणे दक्षिणेला. टेबल हललं. वायर पुरेना. एक्स्टेन्शन बोर्ड आणला, तो स्वयंपाकघराच्या दारातून आडवा गेला. खिडकीतलं ऊन पडद्यावर पडू लागलं म्हणून बाईंची ठेवणीतली चादर खिडकीला बांधली. सगळं जमलं, आणि बुधवारी सकाळी वसुमतीबाई आमटीचं पातेलं घेऊन दारातून बाहेर आल्या. आमटी वाचली, पण पाय वायरीत अडकून कॉम्प्युटर बंद पडला आणि संपादकीयाचे दोन परिच्छेद गेले.

"अहो," बाई म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या. पण सदतीस वर्षांच्या संसारात त्या 'अहो'चा अर्थ कळायला सूर्यकांतरावांना भाषांतर लागत नव्हतं. दुपारभर त्यांनी भाजी निवडली. बाईंनी संपादकीय पुन्हा लिहिलं, स्मरणिकेचं शेवटचं पान लावलं आणि रात्री जेवताना जाहीर केलं की झालं, उद्या फक्त पाठवायची.

गुरुवारी सकाळी बाई समारंभाच्या कामासाठी सायवनला गेल्या आणि सूर्यकांतरावांनी मोजणी पूर्ण केली. एकेक आयकॉन उचलून ज्याच्या त्याच्या हिश्श्यात बसवला. श्रुतिकाची पंचावन्न बिलं तिला फोनवर विचारून तिच्याच एका जुन्या फोल्डरमध्ये गेली. शेवटी एकसष्ट खातेदार उरले, आणि सगळे हद्दीत. इतकं देखणं काम झालं होतं की ते असंच राहिलं पाहिजे, अशी त्यांना ओढ लागली. मोजणी झाली की अर्जदाराला नकाशाची 'क प्रत' मिळते. ती एकदा हातात आली की मग कुणी म्हणू शकत नाही की माझा बांध तिकडे होता. या मोजणीची क प्रत कुठे होती?

त्यांनी पुन्हा वापीला फोन लावला. "पडद्याची आहे तशी नक्कल मिळते का गं?"

"स्क्रीनशॉट काढा, बाबा," श्रुतिका म्हणाली, आणि कुठलं बटण ते सांगितलं. तिने फोन ठेवल्यावर आपले वडील ती नक्कल कुठे लावतील, याची तिला काय कल्पना असणार. ती त्यांनी लावली त्याच पडद्यावर, मागे, जिथे आधी नकाशा होता तिथे. कागदपत्र ज्या जागेचं, त्या जागेवरच कायम राहावं, यात त्यांच्या मते चूक काही नव्हती. पडद्यावर काडीचाही फरक दिसला नाही, आणि हेच त्यांना फार आवडलं.

अकराच्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं की 'स्मरणिका अंतिम हीच' जरा तिरकी बसली आहे. त्यांनी ती माऊसने धरून बोटभर सरकवली. खाली दुसरी 'स्मरणिका अंतिम हीच' तशीच बसलेली होती.

त्यांनी शेजारची उचलली. तिच्याखालीही तीच. 'साखळी आणि मी' उचललं, खाली 'साखळी आणि मी'. एकसष्टच्या एकसष्ट नोंदी दुबार होत्या. एका जागेवर दोन खातेदार, दोघांचं नाव एक, चेहरा एक. नोकरीत अशी भानगड त्यांनी एकदाच पाहिली होती आणि तिची फाईल त्यांच्या निवृत्तीपर्यंत बंद झाली नव्हती.

पण सूर्यकांत सावे कच्च्या गुरूचे चेले नव्हते. असं प्रकरण आलं की कागद बाजूला ठेवून जागेवर कोण आहे ते बघायचं, हे ते शिकले होते. खरा कब्जेदार ढकलून हटत नाही. खोटा माणूस जरा दम दिला की गाशा गुंडाळतो. त्यांनी एकेकाला माऊसने ढकलून पाहिलं. एक निमूट सरकत होता आणि दुसरा, काही केल्या, जागचा हलत नव्हता. क्लिक करा, ओढा, दाबा, तो ढिम्म. अशा माणसाबद्दल त्यांना आदरच वाटला. निकाल उघड होता. हलणारे एकसष्ट खोटे ठरले. त्यातली स्मशानभूमी तेवढी वगळून बाकी साठ जणांना त्यांनी एकामागून एक तिथे नेऊन पोचवलं, आणि स्मशानभूमी तिच्या जागी चपखल बसवली.

चहाला आलेल्या गुणवंतभाईंनी ती भरलेली पाहिली आणि ते अस्वस्थ झाले. "सावेभाई, हे साफ करून टाका. एवढा मृतात्मा घरात ठेवाय नाय." बटणही त्यांनीच शोधून दिलं. ते दाबल्यावर कॉम्प्युटरने विचारलं, या साठ गोष्टी कायमच्या काढून टाकायच्या का?

सूर्यकांतराव थांबले. मग त्यांनी 'नाही' वर क्लिक केलं आणि आपल्या नोंदवहीत दोन ओळी लिहिल्या. गुणवंतभाई मान हलवत निघून गेले.

साडेतीन वाजता वसुमतीबाई परतल्या. त्यांच्याबरोबर शुक्रा वरठा होता. सायवनचा हा शुक्रा सव्वीस वर्षं सूर्यकांतरावांच्या हाताखाली मोजणीची साखळी धरत होता. त्याची मुलगी शीतल बाईंच्या हाताखाली शिकून नर्स झाली होती आणि स्मरणिकेत तिचा एक पानी लेख होता. तो छापायच्या आधी डोळ्यांनी बघावा म्हणून शुक्रा नवा शर्ट घालून एसटीने आला होता. येताना पिशवीभर करटोली घेऊन आला होता.

"बस शुक्रा, आत्ता दाखवते," बाई म्हणाल्या. पडद्यावरची ती टापटीप बघून त्या क्षणभर थबकल्या. "बरं केलंत हो," त्या म्हणाल्या, आणि सूर्यकांतरावांची छाती शर्टात मावेना. मग बाईंनी 'स्मरणिका अंतिम हीच' वर दोनदा क्लिक केलं.

काही झालं नाही.

पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. मग 'स्मरणिका अंतिम' वर, मग नुसत्या 'स्मरणिके'वर. फायली समोर दिसत होत्या आणि एकही उघडत नव्हती. माऊस बिघडला असेल म्हणून सूर्यकांतरावांनी त्यातला सेल बदलला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, त्यात आठ मिनिटं गेली. श्रुतिका मीटिंगमध्ये होती, फोन उचलेना. आवाज ऐकून गुणवंतभाई आले आणि त्यांनी टेबल पुन्हा पूर्वेला घ्यायचं सुचवलं. चार वाजून दहा मिनिटांनी शैलेशचा प्रेसमधून फोन आला, की बाई, मशीन पाचला दुसऱ्या कामाला लावतोय.

वसुमतीबाई खुर्चीवर बसून राहिल्या. "पन्नास मुलांनी लिहिलंय हो," त्या हळूच म्हणाल्या. "काहींनी आयुष्यात पहिल्यांदा." त्या चिडल्या असत्या तर सूर्यकांतरावांना बरं वाटलं असतं. मग आपण सकाळपासून काय काय केलं, ते त्यांनी घडाघडा सांगून टाकलं. दुबार नोंदी, चौकशी, निकाल. "पण मी खोटेच काढलेत," ते म्हणाले. "जे हलत होते ते. हे बघ, हे खरे. यांना कितीही ढकल, हलत नाहीत."

शुक्रा इतका वेळ गुडघ्यावर हात ठेवून पडद्याकडे बघत होता. तो म्हणाला, "साहेब, आमच्याकडं लगनात भितीवर घोडा काढतात. तो पण नाय हालत."

"मग?"

"मग काय, त्याच्यावर बसून कोण बाजारात जातं का?"

सूर्यकांतरावांनी पडद्याकडे पाहिलं, शुक्राकडे पाहिलं, आणि क प्रत आपण स्वतःच्या हाताने कुठे लावली, ते त्यांना आठवलं. चौतीस वर्षं ते नकाशा म्हणजे जमीन नव्हे, हे लोकांना बजावत आले होते.

"म्हणजे खरे ते..." बाई उठून उभ्या राहिल्या. "कुठे टाकलेत?"

"स्मशानात."

"आणि ते रिकामं केलंत?"

"मी सांगितला होता करायला," गुणवंतभाई पुटपुटले आणि दाराकडे सरकले.

सूर्यकांतरावांनी नोंदवही उघडून बाईंसमोर धरली. आजच्या तारखेखाली लिहिलं होतं: 'एकूण साठ नोंदी निकाली. हरकतींसाठी तीस दिवसांची मुदत. तोपर्यंत कायमची विल्हेवाट लावू नये.'

बाईंनी ते वाचलं. या नोंदवहीची त्यांनी वर्षभर थट्टा केली होती, तीत दुधाच्या पिशवीची आवकही लिहिली जाते म्हणून. त्यांनी माऊस नवऱ्याच्या हातात दिला.

स्मशानभूमी उघडली. आत साठच्या साठ रांगेने पडले होते. सगळ्यांना निवडून 'रीस्टोअर' केलं आणि ते धाडधाड परत आले. हद्द नाही, हिस्सा नाही, रस्ता नाही, जिथे जागा मिळेल तिथे, एकमेकांच्या अंगावर. गुलाबीत पिवळे, गायरानात परीक्षांचे कागद, आणि खाली ती देखणी क प्रत पार झाकून गेली. सूर्यकांतरावांना त्या गर्दीकडे बघून इतका आनंद झाला की त्यांनी गुणवंतभाईंना मिठी मारली. बाईंनी 'स्मरणिका अंतिम हीच' वर क्लिक केलं, ती उघडली, आणि शुक्राने आपल्या मुलीचं नाव बोट न लावता, हात मागे बांधून वाचलं. दोनदा वाचलं.

चार पंचवीस झाले होते. "पाठव आता," सूर्यकांतराव म्हणाले. पण बाई पाठवेनात. त्या पहिल्या पानावर गेल्या आणि संपादकीयात काहीतरी खोडू लागल्या. काल सकाळी गेलेलं नि कालच पुन्हा लिहिलेलं संपादकीय. सूर्यकांतराव घड्याळाकडे बघत येरझाऱ्या घालत होते, तेवढ्यात बाईंनी टेबलावरचा एक कागद ओढला, त्यावर भराभर काही लिहिलं आणि तो त्यांच्या हातात दिला.

'नोटीस. सहहिस्सेदार श्री. सूर्यकांत सावे यांस कळविण्यात येते की, संपादकीयाच्या पानाचा खालचा अर्धा हिस्सा आपल्या नावे करण्यात येत आहे. आपल्या लेखाच्या पान नऊवरील, शाळेच्या मैदानाच्या मोजणीचा मजकूर तेवढाच घ्यावा. हद्दीबाहेर गेलेली ओळ अतिक्रमण समजून काढून टाकण्यात येईल. मुदत वीस मिनिटे.'

त्यांनी कागद दोनदा वाचला. शाळेचं अर्धं मैदान बाजूच्या वाडीत गेलं होतं, आणि त्यांनी नि शुक्राने भर उन्हात तीन दिवस साखळी ओढून ते शाळेला परत मिळवून दिलं होतं, ते पान नववंच होतं. म्हणजे हिने अकराही पानं वाचली होती. "तुझं संपादकीय?" त्यांनी विचारलं.

"अर्ध्यात मावलं," बाई म्हणाल्या. "बसा. अठरा मिनिटं राहिली."

ते बसले. उभ्या आयुष्यात त्यांनी इतक्या चटकन काही मोजलं नव्हतं. विशेषणं गेली, साहेबांच्या शाबासकीचा परिच्छेद गेला, खात्याचा इतिहास गेला. अर्ध्या पानात शेवटी एक ओळ शिल्लक राहिली. ती त्यांनी विचार न करता भरली. खाली, स्वतःच्या नावानंतर लिहिलं: 'साखळी धरणारा: शुक्रा वरठा, सायवन.'

शुक्रा खुर्चीच्या मागे उभा राहून बघत होता. तो खाकरून म्हणाला, "हालवून बघा साहेब. खरा हाय ना?"

सूर्यकांतरावांनी माऊसने ती ओळ धरली आणि बोटभर वर सरकवली. ती सरकली. त्यांनी ती पुन्हा हद्दीत आणून ठेवली.

"खरं आहे," ते म्हणाले, आणि वसुमतीबाईंनी चार पंचावन्नला स्मरणिका पाठवून दिली.